आक्का गुळाच्या काट्यावर बसली त्याची गोष्ट

मी लेखक नाही. तरीही लिहायला बसलो आहे, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं आणि चढलेल्यानं काय काय करू नये हे सांगणारंही कुणी नव्हतं. आयुष्यात मी एकच कथा लिहिली. ती छापून आली आणि तिच्यापायी माझ्या थोरल्या बहिणीला गुळाच्या काट्यावर बसावं लागलं.

कोरेगावजवळच्या आमच्या गावाहून मी सांगलीला शिकायला आलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि फार तर पाचशे शब्द होते. सगळे शेतातले. पाभर, दावं, वैरण, मोट. कॉलेजात त्यांतला एकही कामाला येईना. वर्गातली बाकीची मुलं 'भावविश्व' वगैरे सहज बोलायची आणि मी मान हलवायचो. मग ग्रंथालयात जाऊन कादंबऱ्या वाचायला लागलो. अडलेला शब्द वहीत उतरवून घ्यायचा, शेजारी कोशातला अर्थ लिहायचा आणि तो शब्द आठवड्याच्या आत कुठेतरी वापरायचा, असा मी नियमच केला. 'म्लान' हा शब्द शिकलो त्या आठवड्यात वापरायला जागाच मिळेना. शेवटी शनिवारी खानावळीतल्या मावशींना म्हणालो, "मावशी, आज भाजी म्लान आहे." त्यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी आणखी वाढली.

घरी पत्रं लिहितानाही हाच उद्योग. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सहीपुरतं लिहिता यायचं आणि आईला तेवढंही नाही. त्यामुळे आमची पत्रं दस्तगीरभाई वाचून दाखवायचे. दस्तगीरभाई गावातले टेलर. त्यांच्या दुकानात मशीनची टकटक थांबली, की कुणाचं तरी पत्र आलंय असं सगळ्या पेठेला कळायचं. पत्र असो की वर्तमानपत्र, ते सगळं एकाच सुरात, रडवेला गळा काढून वाचायचे. 'माझे चित्त सध्या प्रफुल्लित आहे,' असं मी एकदा लिहिलं. ते ऐकून आईनं गावच्या एस्टी कंडक्टरबरोबर ओव्याची पुरचुंडी पाठवून दिली. पोटाचंच काहीतरी असणार, असं तिचं मत पडलं.

माझे शब्द मनापासून घ्यायची ती एकटी आक्का. तिचं नाव शालन. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सातवीपर्यंत शिकलेली. सुट्टीत गेलो की ती धार काढता काढता विचारायची, "नवीन काय आणलंयस?" मी शब्द सांगायचो. दुसऱ्या दिवशी गोठ्यातून आवाज यायचा, "काय गं म्हशे, आज म्लान दिसतीयास?" (म्हैस खरोखरच तशी दिसायची. आक्काला शब्द माझ्याहून चांगले वापरता यायचे. पण हे मला फार उशिरा समजलं.)

त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी कथा लिहिली. नायिकेचं नाव मंदाकिनी. ती बंगल्यात राहायची, संध्याकाळी पियानो वाजवायची आणि क्षयानं हळूहळू खंगत जायची. आमच्या मराठीच्या सरांनी ती वाचली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "तुम्ही पियानो पाहिलाय?"

"नाही सर."

"बंगल्यात राहिलाय?"

"नाही सर."

"मग कशाला त्या भानगडीत पडता? आपल्या घरातलं लिहा. पाहिलेलं लिहा. मग पटेल."

सर देवमाणूस होते. मी त्यांचं तंतोतंत ऐकलं. बंगला काढून आमचं घर घातलं. दारातला शेवगा घातला. पियानोच्या जागी जातं आलं. मंदाकिनीचं नाव खोडून 'शालनआक्का' केलं, हनुवटीवरचा तीळसुद्धा आक्काचा घेतला. गावाचं नाव खरं, म्हशीचं नाव खरं, आणि सांगणारा भाऊ सांगलीला शिकणारा. आजार तेवढा मंदाकिनीचाच राहिला.

वहीतले शिल्लक शब्द मी या कथेत संपवले. आक्का 'कृश' झाली, तिची मुद्रा 'पांडुर' झाली आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी जात्याच्या खुंट्यावर डोकं टेकून ती 'निश्चल' झाली. लिहिताना मी इतका रडलो की खोलीतल्या मित्रानं घरून तार आली का म्हणून विचारलं.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. कथा लिहिताना त्या माझ्या ध्यानात यायला हव्या होत्या. पहिली म्हणजे, दिवाळीत आक्काचा कान ठणकत होता म्हणून मीच तिला मिरजेला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. दुसरी म्हणजे, मार्गशीर्षात आटपाडीचे पाहुणे तिला बघून गेले होते. मुलगा पलटणीत, बाप हवालदार होऊन निवृत्त झालेला. मुलगी पसंत होती. मुलगा सुट्टीवर आला की सुपारी फोडू, असं सांगून ते गेले होते. त्या आधी दोन ठिकाणं हुकली होती, त्यामुळे आईनं या तिसऱ्या ठिकाणासाठी ग्रामदेवतेला खणनारळ बोलला होता.

अंक निघाला. प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रत मिळाली. माझी प्रत मी त्याच दिवशी घरी पोस्टानं पाठवली आणि कौतुकाच्या पत्राची वाट बघत बसलो.

पत्र आलं नाही. दहा दिवसांनी आण्णाच आले.

आण्णा सांगलीला मला भेटायला असे कधी आले नव्हते. हळद घेऊन बाजारात यायचे, पण पेठेतूनच परत जायचे. वसतिगृहाच्या दारात त्यांना धोतर-पटक्यात उभं बघून मला आनंदच झाला. मुलाचं नाव छापून आलेलं बघून बाप धावत आला, असं मला वाटलं. आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. आसपास कुणी नाही ना, ते त्यांनी आधी बघून घेतलं. मग म्हणाले,

"मिरजंच्या डागतरनं तुला काय सांगितलं, ते आता सांग."

"कशाबद्दल?"

"शालनबद्दल. तुझ्या आईला मी सांगत न्हाई. मला सांग."

मला उलगडायला वेळ लागला. झालं होतं असं, की अंक आल्याबरोबर आण्णांनी तो अभिमानानं दस्तगीरभाईंच्या दुकानात नेला होता. मशीन थांबलं. पेठ जमली. दस्तगीरभाईंनी आपल्या त्या सुरात पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानापर्यंत सगळं दुकान रडायला लागलं. तिसऱ्या पानावर ते स्वतःच रडले, म्हणून शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी वाचण्यात आला. रात्रभर गाव अधांतरी!

आक्का तेव्हा डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन दुकानावरून चालली होती. पण तिच्याकडे बघून कुणाची समजूत पटली नाही. आजार आतून असतो, असं ठरलं. आणि भावाला ठाऊक असणारच, कारण मिरजेला तोच घेऊन गेला होता. आमच्याकडे वाईट बातमी माणसाला तोंडावर सांगत नाहीत. घरातल्या शिकलेल्या माणसाला बाजूला घेऊन सांगतात आणि मग त्यानं ती कशी फोडायची ते त्याचं तो बघतो. माझं काळीज झालं नाही, म्हणून मी छापून कळवलं, असा सगळ्या गावाचा निष्कर्ष निघाला होता.

"आण्णा, तिचा कान दुखत होता. कानाच्या डॉक्टरला क्षय कुठनं कळणार?"

"डागतरच हाय न्हवं त्यो?"

"ती कथा आहे. मी रचलेली."

"रचल्याली म्हंजी खोटी?"

"खोटी नाही. काल्पनिक."

"मग खरी?"

"खरी पण नाही."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. शेतात बांध कुणाचा हे न सांगता येणाऱ्या तलाठ्याकडे ते असंच बघायचे.

"शपथ घे," ते म्हणाले. "शालनला कायबी झाल्यालं न्हाई म्हणून."

मी कृष्णेचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली. त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि मगच मला एक धपाटा घातला. (पुढं त्यांनी सांगितलं की कोरेगाव ते सांगली एस्टीत त्यांनी तोंडात पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्या धपाट्याचं मला वाईट वाटलं नाही.)

पण आक्काच्या मागचं शुक्लकाष्ठ सुटलं नव्हतं. मोठी चुलती तिला रोज शेळीचं दूध आणि दोन कच्ची अंडी पाजत होती. आक्काला आधी राग आला, मग सवय झाली. आणि आटपाडीचे पाहुणे? त्यांच्याकडून दोन महिने अवाक्षर नव्हतं.

"त्यांच्या कानावर गेलं आसंल," आण्णा म्हणाले. "तिसरं ठिकाणबी गेलं म्हणायचं. पर तू काय हालचाल करू नगंस. मी बघतो."

माझी तर खात्रीच होती. कथा छापून आली म्हणजे ती सगळ्या जिल्ह्यानं वाचली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आटपाडीकर वाचून गप्प बसले, याशिवाय त्या शांततेला दुसरं कारण असू शकेल असं माझ्या मनातही आलं नाही. आण्णांना एस्टीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी, त्यांनी नको म्हटलेलं असताना, मित्राचा अंक बगलेत मारून मी विट्यावरून आटपाडीला निघालो. वाटेत ऊस संपला, मग झाडं संपली, मग माझा धीर संपला.

हवालदार दारातल्या बाजेवर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, अंगात खाकी स्वेटर. मला बघून म्हणाले, "या. बैठो. आवं, पाणी आणा, कोरेगावचं पावनं आल्यात."

त्यांच्या पत्नी, म्हणजे आक्काच्या होणाऱ्या सासूबाई, तांब्या घेऊन आल्या. मी पाणी न पिताच सुरुवात केली. एस्टीत भाषण पाठ केलं होतं. म्हणालो की आपला गैरसमज झाला असेल तर तो स्वाभाविक आहे, परंतु माझ्या भगिनीस क्षयरोग नाही, ती कृश नाही, तिची मुद्रा पांडुर नाही, तिच्या मृत्यूला सर्वस्वी मी जबाबदार आहे आणि आपण मोठ्या मनानं क्षमा करावी.

हवालदारांच्या हातातून मेंढीचा पाय सुटला.

"मुलगी मेली?"

"नाही! फक्त अंकात."

"टीबी कुणाला?"

"कुणालाच नाही. आपण वाचलं असेल ना?"

"काय वाचलं आसंल?"

त्यांनी काही वाचलेलं नव्हतं. त्यांनीच नव्हे, आटपाडी तालुक्यात कुणीच नव्हतं. त्यांचा मुलगा सीमेवर बर्फात होता, त्याच्या सुट्टीचा अर्ज दोनदा परत आला होता आणि तारीख हातात येईस्तोवर पाहुण्यांना काय कळवायचं, म्हणून ते गप्प होते. एवढंच. जे त्यांच्या मनातून काढायला मी साठ मैल आलो होतो, ते त्यांना पहिल्यांदा मीच सांगितलं होतं.

"वाच," हवालदार म्हणाले.

"नको."

"हुकूम हाय. वाच."

मी वाचली. आपलीच कथा, आपल्याच तोंडानं, जिचं लग्न व्हायचं तिच्या सासूसमोर. मेंढ्या रवंथ करत ऐकत होत्या. सासूबाई दुसऱ्या परिच्छेदापासून पदर डोळ्याला लावून बसल्या. कथेतली आक्का निश्चल झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मंग त्या म्हशीचं काय झालं?" म्हशीचा मी पुढं विचारच केला नव्हता. नंतर पुष्कळांनी माझी कथा वाचली, पण तिच्यातली खरी उणीव त्या एकट्या बाईंनीच दाखवली.

हवालदार मिशीला पीळ देत राहिले. मग म्हणाले, "समजलं. आमच्यात एक्सरसाइज असतीया. लुटुपुटूची लढाई. दुश्मन खोटा, गोळी खोटी, पर पळायचं ते खरंच पळायचं."

कोशातून, कादंबऱ्यांतून आणि सरांकडूनही मला कथा म्हणजे काय ते इतकं स्वच्छ कळलेलं नव्हतं. मी आनंदानं म्हणालो, "अगदी तसंच!"

"पर एक्सरसाइजमदी बी मानसं जखमी व्हत्यात," ते म्हणाले. "म्हणून मागनं मेडिकल करत्यात. टीबीवाला शिपाई मी वजनावरनं वळखायचो. आज वजन, महिन्यानं फिरून वजन. घटलं की बात खतम. न्हाई घटलं तर सुपारी. सोमवारी येतो."

सोमवारी ते आले. मीही अपराधी म्हणून हजर होतो. गावात माणूस तोलायचं यंत्र कुठलं असणार? शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ सुरू होतं. तिथं गुळाच्या ढेपा तोलायचा काटा होता. तीन वाशांना टांगलेली दांडी, तिच्या दोन टोकांना साखळ्यांनी लोंबणाऱ्या दोन फळ्या. हवालदारांनी तो बघितला आणि मान डोलावली. बातमी पसरायला चुलवाणाच्या धुराइतकाही वेळ लागला नाही. निम्मं गाव उसाची कांडी खात जमलं. दस्तगीरभाई गळ्यात टेप तशीच ठेवून आले. आण्णा मान खाली घालून उभे. आई माझ्याकडे बघतही नव्हती.

आणि त्या वेळी मला पहिल्यांदा नीट कळलं, की मी काय करून ठेवलं होतं. लोकांदेखत माझ्या बहिणीला ढेपेसारखं तोलणार होते. मी पुढं झालो, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. वहीतला एक शब्द आठवेना.

आक्का मात्र शांतपणे आली. पदर खोचला, फळीवरचा गुळाचा चिकटा ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि हवालदारांसमोर उभी राहिली.

"मी बसती," ती म्हणाली. "पर तुमच्या लेकालाबी बसवायचं. सुट्टीवर आलं की. माझं वजन तुमी बघणार, त्यांचं मी नगं बघाय? बर्फात काय खात्यात, काय न्हाई, मला तरी काय ठावं?"

उसाची कांडी खाणारी तोंडं थांबली. आईनं कपाळाला हात लावला. तिसरं ठिकाण गेलं, हे मला स्पष्ट दिसलं.

हवालदारांनी टाचा जुळवल्या. "मंजूर."

आक्का बसली. समोरच्या फळीवर वीस-वीसची दोन लोखंडी मापं पडली, काटा हलला नाही. दहाचं पडलं, नाही. पाचाचं पडलं तेव्हा कुठं दांडी सरळ झाली. गुळव्यानं सवयीनं ढेपेच्या वजनासारखं मोठ्यानं पुकारलं, "पंचावन्न!" आणि तितक्याच सवयीनं कोळशानं शेजारच्या खांबावर लिहूनही टाकलं. आक्का उतरली, माझ्याजवळून जाताना थांबली.

"मी मेल्यावर तू लय रडलास म्हणं?"

"हो."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "पर पुन्यांदा मारायचं झालं तर तुझी तू मर. कथा तुझी हाय."

मी सांगलीला परतलो. तो महिना मला वर्षासारखा गेला. पुस्तक उघडावं तर खांबावरचं पंचावन्न दिसायचं. चुलतीला पत्र लिहून अंडी दोनाची तीन करायला सांगितली. (सोप्या शब्दांत लिहिलं. धोका पत्करला नाही.) एकदा तर स्वप्नात आक्का फळीवर बसली आणि फळी वर, वर, शेवग्याच्याही वर निघून गेली. वही मी ट्रंकेच्या तळाशी घातली होती. चिंचेला पालवी फुटली, परीक्षा आली, तरी घरून काही कळेना. आटपाडीहूनही काही नाही. या वेळी मात्र मी शांततेचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं होतं. ठरवून रोज लावत होतो.

शेवटचा पेपर देऊन आलो तर वसतिगृहाच्या खिडकीत पोस्टकार्ड खोवलेलं. अक्षर टपोरं, एका रेषेत, परेडला उभं केल्यासारखं.

'आशीर्वाद. रिपोर्ट खालीलप्रमाणे. एक, मुलगा सुट्टीवर हजर. दोन, शालनचं वजन काल तुमच्या गावी समक्ष घेतलं. सत्तावन्न. वाढ दोन किलो. तीन, अटीप्रमाणे मुलग्यास त्याच काट्यावर बसवलं. शालननं स्वतः मापं टाकली. पासष्ट. तिनं पास केलं. चार, सुपारी फुटली. लग्न वैशाखात. पाच, पत्रिका छापायला टाकतो आहोत. मजकूर दस्तगीर टेलर लिहितील. तुम्ही लिहू नये. लोक खरं मानतात.'